एकशे बारा

"एकशे बारा," भाचा म्हणाला.

चिडवण्याचा सूर नव्हता. सुटे पैसे मोजून हातावर ठेवावेत तसा तो आकडा त्यानं माझ्यापुढे ठेवला. ताडपत्रीखाली आम्ही दोघं उकिडवे बसलो होतो. पाऊस थांबून तास झाला असेल, पण झाडं अजून आपल्या सवडीनं गळत होती. माझ्या डाव्या हातात फेरो रॉड, म्हणजे घासली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, उजव्या हातात त्याच्यासोबत आलेली पोलादाची चपटी पट्टी, आणि पुढ्यात गवताचा एक पुंजका. त्या पुंजक्यावर मी पंधराएक मिनिटं ठिणग्यांचा सडा घालत होतो. सडा खराच होता. दर फटक्याला पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा झोत निघायचा, गवतावर आदळायचा, क्षणभर आत शिरल्यासारखा वाटायचा आणि विझायचा. एक-दोनदा धुराची बारीक रेघ उठली, मी घाईनं फुंकर घातली, रेघही गेली. निघण्याआधी घरी मीच फुशारकी मारली होती की काडेपेटी, लायटर काही घ्यायला नको, मामा नुसत्या एका कांडीनं आग काढून दाखवेल. नऊ वर्षांचा तो मुलगा हे विसरला नव्हता. पहिल्या फटक्यापासून तो मनातल्या मनात मोजत होता, आणि दुखरं मनगट झटकायला मी थांबलो तेव्हा त्यानं आकडा सांगितला. मग जरा वाट पाहून, माझं मन राखत म्हणाला, "मामा, आईकडे लायटर आहे."

ताईनं काही न बोलता लायटर दिला. न बोलणं तिला बरंच जड गेलं असणार. लायटरच्या ज्योतीखालीही त्या गवतानं आधी नुसता धूर ओकला, चरचरलं, आणि मग कुठे पेट घेतला. खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण तेव्हा मी कांडी पाकिटात घालून पाकीट खिशात खोल दाबण्यात गुंतलो होतो.

आकडा मात्र माझ्यासोबत घरी आला.

कोणी "जमलं नाही" म्हणालं तर वाद घालता येतो. गवत ओलं होतं, वारा होता, हात गारठले होते. एकशे बारा म्हटल्यावर काय बोलणार? त्या रात्री गॅलरीतला दिवा मालवून मी कांडी घेऊन बसलो आणि अंधारात पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. ठिणग्या जोमदार होत्या. फरशीवर पडून त्या टिपरीसारख्या उसळत होत्या, फुटत होत्या, एखादी कठड्यापर्यंत जात होती. हवेत तो वास भरला, काहीसा जळक्या धातूचा, काहीसा दगड घासल्यासारखा. हा वास मला ओळखीचा वाटला आणि मी भलतीकडेच गेलो.

लहानपणी आम्ही दोन पांढऱ्या गारगोट्या घेऊन गोधडीत शिरायचो. डोक्यावरून गोधडी घट्ट ओढून घ्यायची, म्हणजे आत मिट्ट काळोख, आणि मग गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायच्या. दगडाच्या आतून एक फिकट नारिंगी उजेड यायचा, विजेसारखा लखकन नव्हे, झोपेत कूस बदलल्यासारखा. आणि असाच वास. आदिमानवानं अशीच आग शोधली म्हणून आम्ही गोधडीतला कापूस उसकटून त्यावर तासन् तास दगड घासले आहेत. (घरच्यांना हे कळलं असतं तर गारगोट्यांनीच मार पडला असता.) काही पेटलं नाही. पेटणारही नव्हतं. गारगोटी घासल्यावर दिसतो तो स्फटिकातला क्षणिक उजेड, त्यातून आग लागावी अशी धग त्यात नसते. नुसता दगड दगडावर आपटून आग निघत नाही, हे मला फार उशिरा कळलं. एका बाजूला लोखंड लागतं, किंवा लोखंड पोटात असलेला दगड तरी लागतो, पायराइटसारखा. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या त्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाकडे, ज्याला ओत्झी म्हणतात, झाडावर वाढणारी एक अळंबी होती आणि तिच्यावर पायराइटचे कण सापडले. म्हणजे ठिणगी पाडायची सोय गडी कमरेला बांधून हिंडत होता. पण त्याच्याकडे भूर्जाच्या सालीचा एक डबाही होता, आणि त्यात ओल्या पानांत गुंडाळून निखारे नेत असावा असं दिसतं. हा दुसरा तपशील मला जास्त आवडतो. आग पाडता येत असूनही माणूस विस्तव सांभाळून नेत होता. त्याला एकशे बारा कोणी म्हटलं असेल काय!

आणि दुसरी आठवण बाबांच्या लायटरची. त्या लायटरच्या बुडाला एक बारीक स्क्रू असायचा. तो फिरवला की स्प्रिंग टुणकन उडायची, आणि मग सगळ्यांनी जमिनीवर ओणवं होऊन ती शोधायची. स्प्रिंगच्या जागी आत तांदळाच्या दाण्याएवढा एक करडा खडा टाकायचा, स्प्रिंग दाबून स्क्रू बसवायचा. "खडा संपला," बाबा म्हणायचे. आम्ही सगळे त्याला खडाच म्हणायचो. तो दगड नव्हताच. तो धातू होता, आणि मी आज हातात धरलेल्या कांडीचाच पिटुकला भाऊ होता. तेव्हा कोणी सांगितलं असतं की असा हाताच्या बोटाएवढा खडा मिळतो, तर मी आयुष्यात दुसरं काही मागितलं नसतं.

हा धातू निघाला तो जवळजवळ कचऱ्यातून. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख हा व्हिएन्नात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. गॅसबत्तीची जाळी, आपण जिला मेंटल म्हणतो, ती त्याची. आधी बरीच खटपट करून १८९१ च्या सुमारास त्याला नेमकं प्रमाण सापडलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सिरियम ऑक्साइड. थोरियम मिळायचं मोनाझाइट नावाच्या खनिजाच्या वाळूतून, आणि थोरियम काढून घेतलं की मागे सिरियम, लँथॅनम वगैरे धातुमंडळींचे ढीग उरायचे. त्यांचं करायचं काय? त्यानं त्यांचा मिश्रधातू बनवला, त्यात लोखंड घातलं, आणि १९०३ साली पेटंट घेतलं. नुसता सिरियमचा मिश्रधातू मऊ असतो. लोखंड घातलं की तो कडक आणि ठिसूळ होतो, खरवडल्यावर त्याचे कण सुटतात. सिरियमला पेटायला फार तापावं लागत नाही, १५० ते १८० अंशांच्या आसपासच ते धुमसू लागतं. खरवडताना होणारी उष्णता त्या कणाला पुरते. कण सुटतो, त्याच्या ताज्या, उघड्या अंगाला हवा लागते आणि तो आपला आपण जळतो, ३,००० अंशांच्या घरात. या आउअरला सरदारकी मिळाली तेव्हा त्यानं बोधवाक्य घेतलं 'अधिक प्रकाश'. उजेडाच्या उद्योगातला उरलासुरला चोथाही त्यानं ठिणगीला लावला, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि दुर्मिळ मृदा म्हणून ज्यांची गणना होते त्यांतलं हे सिरियम दुर्मिळ अजिबात नाही, पृथ्वीच्या कवचात ते साधारण तांब्याइतकं आहे.

जळतो तो कण. हे वाक्य मी गॅलरीत बसून बराच वेळ घोळवलं, कारण माझी चूक इथेच कुठेतरी होती.

आपल्या भाषेनं मला फसवलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. चकमक म्हटलं की आपल्याला टक्कर दिसते. सैन्यांची चकमक उडते, दोघांत शाब्दिक चकमक झडते, ठिणगी पडते. शब्द तुर्की, तिकडे आजही खिशातल्या लायटरला चाकमाकच म्हणतात. आपल्याकडे मात्र तो गारेवरून बंदुकीवर आणि बंदुकीवरून भांडणावर गेला, आणि जाताना आपल्याला शिकवून गेला की आग आपटण्यातून निघते. म्हणून मी आपटत होतो. फटके मारत होतो. पण जुन्या चकमकीतही आपटणं नसतंच, खरवडणं असतं. गारेची धारदार कड पोलादाला घासून जाते, पोलादाचा केसाएवढा कीस निघतो आणि तो जळतो. ठिणगी गारेची नसते, पोलादाची असते. दोघांत जो मऊ, तो झिजतो आणि जळतो. फेरो रॉडमध्ये हे नातं उलटं होतं. इथे पोलाद कडक आणि कांडी मऊ, म्हणून झिजते कांडी. पोलादानं फक्त खरवडायचं. त्यामुळेच गारेसोबत कडक पाणी दिलेलं, भरपूर कार्बनचं पोलाद लागतं, आणि फेरो रॉडला मात्र स्टेनलेसच्या चाकूची पाठ चालते, फुटक्या काचेची कड चालते, गारेची कपचीसुद्धा चालते. कडक हवं आणि कड हवी, बस.

कड आणि धार हे दोन शब्द आपल्याकडे आहेत, ही मोठी सोय आहे. धार निमुळती असते, ती कापते. कड काटकोनात असते, ती खरवडते. कांडीवर धार घासली की धार जाते आणि कांडीला नुसता चरा पडतो. चाकूच्या पात्यानं ठिणग्या पाडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या चाकूंची मला दया आली आहे. चाकूची पाठ वापरायची, तीही काटकोनात घासलेली असेल तरच. पुष्कळ चाकूंची पाठ बोटाला लागू नये म्हणून गोल केलेली असते. ती हाताला सुखाची आणि या कामाला कुचकामी.

मी दिवा लावला आणि पाकिटातल्या पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख घसरलं. कुठे अडलंच नाही. साच्यातून ठोकून काढलेली पट्टी, वर चकचकीत मुलामा, चारही कडा गुळगुळीत. शिवाय तिला एका बाजूला दाते, मधे बाटलीचं झाकण काढायची खाच, फूटपट्टीच्या रेघा, असा सगळा संसार होता. खरवडण्याची एक सरळ कड तेवढी नव्हती. कांडी निवडताना मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या. जाडी किती, मूठ लाकडाची की शिंगाची, दोरी कोणत्या रंगाची. पट्टीकडे पाहिलंही नव्हतं, ती तर फुकट आली होती.

दुसऱ्या दिवशी एक तुटलेलं हॅक्सॉ ब्लेड शोधलं. दात्यांच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळली आणि पाठीकडची कड कानशीनं घासायला बसलो. कानस आडवी धरून, एकाच दिशेनं, कड अगदी काटकोनात येईपर्यंत. ब्लेडचं पोलाद चिवट होतं, पहिल्यांदा कानस नुसतीच किंचाळत घसरली. मग हळूहळू रंग उडाला, खालचा पांढरा धातू दिसला, कडेला धातूची एक अदृश्य, खरखरीत कोर उभी राहिली. नख टेकवलं तर नखाचा पांढरा कीस निघाला. तीच कड कांडीवर टेकवून मी सावकाश ओढली आणि दचकलो. आधी ठिणग्या उडत होत्या, आता ओघळल्या. जाड, जड, थेंबांसारख्या, फरशीवर पडूनही जळत राहिलेल्या. कांडी तीच होती, हातही तोच.

कांडीविषयी सांगायचं तर मी आता जाडीकडे आणि लांबीकडे पाहतो, बाकी फार नाही. सहा मिलीमीटरची कांडी किल्ल्यांच्या जुडग्यात शोभते, पण हा धातू ठिसूळ असतो, आडवा जोर पडला किंवा दगडावर पडली की काडकन मोडते. माझ्या हाताला दहा ते बारा मिलीमीटर बरी वाटते. लांबी दहा-बारा सेंटीमीटर असली की ओढ लांब मिळते, आणि ठिणग्यांची संख्या ओढीच्या लांबीवर असते. काही कांड्या मऊ, काही कडक. मऊ कांडीतून मोठे, रेंगाळणारे थेंब पडतात पण ती लवकर संपते. कडक कांडी वर्षानुवर्षं टिकते, ठिणग्या बारीक आणि चपळ, आणि पट्टीची कड जरा जरी बोथट झाली तरी रुसते. नवख्यानं मऊ घ्यावी असं माझं मत आहे. इतक्या हजार वेळा चालेल वगैरे पाकिटावरचे आकडे मी वाचत नाही. ते कोणी मोजले असतील तर माझ्या भाच्याशी त्यांची गाठ घालून द्यावी. नव्या कांडीवर काळा रंग असतो तो आधी खरवडून काढायचा, नाहीतर पहिल्या दिवशी ठिणगीच पडत नाही आणि माणूस माल खराब म्हणून परत पाठवतो. हा रंग उगाच नसतो. माझी पहिली, बारकी कांडी मी ओल्या रुमालासोबत एका कप्प्यात विसरलो होतो. काही महिन्यांनी काढली तर तिच्यावर करड्या-पांढऱ्या भुकटीचा थर, आणि दाबल्यावर टोकाचे पोपडे सुटले. भिजलेली कांडी पुसली की लगेच चालते, हे खरं. भिजत ठेवलेली कांडी मात्र मरते. आता मी परत आलो की पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवतो.

पण एकशे बाराचं कारण एकटी पट्टी नव्हती. ते कबूल करायला मला आणखी काही दिवस लागले.

मी पट्टी पुढे मारत होतो. प्रत्येक फटक्याच्या शेवटी माझी मूठ गवतावर आपटायची आणि पुंजका विस्कटायचा, मी तो पुन्हा गोळा करायचो, पुन्हा फटका, पुन्हा विस्कट. उलट करायचं असतं. कांडीचं टोक पुंजक्यात रोवायचं, पट्टी तिच्यावर टेकवून हात गुडघ्याला लावून घट्ट थिजवायचा, आणि कांडी मागे ओढायची. पट्टी जागची हलत नाही, म्हणून ठिणग्या सगळ्या एकाच जागी पडतात. आणि घाई नाही. लाकडावर रंधा फिरवताना जसा जोर खाली आणि गती कमी, तसं. वेगानं ओढलं की पट्टी वरच्या वर सरकते, दाबून ओढलं की चावते. पट्टी किती तिरपी धरायची हे कोणी शब्दांत सांगू शकत नाही. थोडी पुढे कलती करत जायची, एका क्षणी हाताला कळतं की आता लागली. तो खरखरीत, दाट आवाजही वेगळा असतो. आधीचा चर्र होता, हा खर्रर्र. आणखी एक गंमत मला चुकून सापडली. अगदी हलक्या हातानं, न पेटवता कांडी खरवडली की काळसर भुगा पडतो. तो एका जागी साठू द्यायचा आणि मग एक दाबून ओढ द्यायची. भुगा एकदम भडकतो, हात मागे घ्यावा लागतो. माझ्या जॅकेटच्या बाहीवर मुगाच्या दाण्याएवढी दोन भोकं आहेत, ती त्याच संध्याकाळची.

आणि गवत. हाताला सुकं लागलेलं ते गवत सुकं नव्हतं. पावसाळी हवेत गवत बाहेरून कुरकुरीत वाटतं आणि आत ओल धरून बसतं. ठिणगीपाशी धग भरपूर असते, पण आयुष्य नसतं. एवढ्याशा आयुष्यात तिनं आधी पाणी आटवायचं आणि मग पेटवायचं, हे होत नाही. लायटरची ज्योत एका जागी उभी राहू शकते, ओल सुकवू शकते, म्हणून ताईचं काम झालं. ठिणगीला काहीतरी केसासारखं बारीक, कोरडं, पिंजलेलं लागतं. कापसाचा बोळा घेतला तर तो जसाच्या तसा ठेवून उपयोग नाही, दाबलेल्या कापसावरून ठिणगी घरंगळते. तो बोटांनी पिंजायचा, पारदर्शक होईपर्यंत. त्याला थोडं पेट्रोलियम जेली चोळलं की नुसता भपका न होता ज्योत काही मिनिटं टिकते, मात्र वर चार कोरडे तंतू उभे ठेवायला हवेत, पहिली ठिणगी तेच झेलतात. भूर्जाची साल मिळाली तर प्रश्नच नाही, तिच्यात तेल असतं, ती ओली असली तरी पेटते. पण तीही कडेनं खरवडून तिची लव काढावी लागते. पाईनच्या राळ मुरलेल्या लाकडाचंही तसंच, ते खरवडून तपकिरी, चिकट भुगा करायचा. काहीच नसेल तर जाड ओंडका चिरून आतलं कोरडं लाकूड काढायचं आणि चाकूनं त्याच्या इतक्या पातळ ढलप्या सोडवायच्या की त्या कुरळ्या होऊन काठीलाच लटकत राहतील. हे काम मला सुरुवातीला भयंकर कंटाळवाणं वाटायचं. पाऊण तास ढलप्या, आणि आग एका क्षणात. माझ्या त्या संध्याकाळचा हिशेब बरोबर उलटा होता. तयारीला दोन मिनिटं, आणि एकशे बारा फटके.

लायटर वाईट नाही, हेही सांगून टाकतो. बहुतेक दिवशी तोच बरा. कडाक्याच्या थंडीत तो रुसतो, कारण त्यातला ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली वायू व्हायचं थांबवतो; मुठीत किंवा बगलेत धरून ऊब दिली की तोही सुधारतो. मी आता दोन्ही नेतो. फेरो रॉडवर जीव टांगणीला लावण्याची वेळ माझ्यासारख्यावर कधी येणारही नाही. मग हा खटाटोप कशाला, असं ताईनं एकदा विचारलं होतं. तेव्हा मी काहीतरी बोललो. खरं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. त्या गोधडीतल्या उजेडाशी त्याचा काहीतरी संबंध आहे, इतकंच.

सुट्टीत भाचा राहायला आला. दुसऱ्याच दिवशी त्यानं कपाटातून कांडी हुडकून काढली आणि माझ्यापुढे धरली. गॅलरीत घमेलं ठेवलं, त्यात थोडी माती, शेजारी पाण्याची बादली. कापूस त्यानं पिंजला. मी सांगितल्यापेक्षा जास्त पिंजला, ढगासारखा. पट्टी दिली ती हॅक्सॉची. सुरुवातीला त्यानंही पट्टी पुढे मारली, मूठ कापसावर आपटली, कापूस घमेल्याबाहेर. मी तोंड मिटून बसलो. त्यानं कापूस पुन्हा रचला, पुन्हा मारली, पुन्हा रचला. मग थांबून पट्टीकडे पाहिलं, कांडीकडे पाहिलं, आणि मला न विचारता हात गुडघ्याला टेकवला. हे त्यानं गॅलरीत मला करताना कधी पाहिलं होतं कोण जाणे. आता कांडी मागे येऊ लागली. खर्रर्र. एक जाड थेंब कापसात शिरला, तिथे काळं वर्तुळ झालं, वर्तुळाची कड लाल झाली, आणि त्यातून काही आवाज न करता एक निळसर ज्योत वर आली. तो मागे सरकला नाही. तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

मी मनात मोजत होतो. तेवीस.

कापूस जळून संपेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही. मग त्यानं पट्टी पँटला पुसली आणि म्हणाला, "एकवीस."

"दोन कमी धरलेस," मी म्हणालो.

"दोनदा पट्टी कांडीला लागलीच नव्हती. ते कसे धरायचे?"

मी जरा थांबलो. "आणि त्या दिवशी माझे?"

"तुझे सगळे धरले होते," तो म्हणाला आणि नवा बोळा पिंजायला घेतला.